हग्ग म्हणजे दोर

हग्ग म्हणजे दोर. कानडीत.

हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात बोलले, दवाखान्यात बोलले, रेशनच्या रांगेत बोलले, आणि पोरांच्या शाळेत तर दर जूनला बोलले. ऐकणारा आधी हसायचा. मग मी सांगायची. मग तो तोंड गंभीर करून "असं व्हय" म्हणायचा, आणि माझी पाठ फिरली की पुन्हा हसायचा. पाठीला डोळे नसतात, पण मला कळायचं.

माझं माहेर इस्लापूर, किनवट तालुक्यातलं. आडनाव फुलारी. वडील, व्यंकटी फुलारी, रेल्वेत गँगमन होते. त्यांची बदली उदगीरला झाली आणि तिथंच माझी सोयरीक जुळली. जात एक, देव एक, बोली दोन. आम्ही मराठी बोलणारे, सासरचे घरात कानडी बोलणारे. सोयरीक आणणाऱ्यानं पोराचं नाव सांगितलं, संगप्पा. शेत सांगितलं, विहीर सांगितली, बैलांची जोडी सांगितली. आडनाव तेवढं गिळून टाकलं मेल्यानं. मला ते मांडवात कळलं. धाकटी बहीण कानाशी आली आणि म्हणाली, "अक्का, तू आता हग्गे झालीस बघ." आणि अशी हसली की तिच्या हातातल्या अक्षता माझ्याऐवजी जमिनीवर पडल्या.

पंधरा वर्षांची होते मी. तिसरी पास. नावात फुलं होती माझ्या, ती काढून हे दिलं.

आमचं गाव कल्लहळ्ळी, उदगीरच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला चिकटून. कानडीत कल्लु म्हणजे दगड, नावातच दगड. तिथं सासूबाईंनी, शरणम्मांनी, मला पहिल्याच आठवड्यात दारापाशी नेलं. दाराच्या बाहेर, भिंतीत, सागाची एक जाड खुंटी होती. तिला अंबाडीचा दोर वेटोळं करून टांगलेला. एवढं जाड वेटोळं की मला दोन्ही हातांनी उचलेना.

"हेच आपलं नाव," सासूबाई म्हणाल्या. "पन्नास हात हाय."

गावची विहीर खडकातली. उन्हाळ्यात पाणी एवढं खाली जायचं की कुणाचा दोर पुरायचा न्हाई. माझ्या आजेसासऱ्यांच्या वडिलांनी एका दुष्काळात हा पन्नास हाती दोर वळला आणि घरात ठेवण्याऐवजी दाराबाहेर टांगला. ज्याला लागेल त्यानं न्यावा. मागायचं न्हाई, विचारायचं न्हाई. पाणी काढावं, दोर उन्हात वाळवावा आणि खुंटीला आणून लावावा. कुणी नेताना दिसला तर आमच्या घरच्यांनी त्याच्याकडं बघायचंसुद्धा न्हाई, म्हणजे त्याला मागितल्यासारखं वाटू नये. दर चार-पाच वर्षांनी दोर झिजायचा, मग घरचे नवा वळायचे. लोक आमच्या घराला हग्गद मनी म्हणायचे. दोराचं घर. निजामाचं राज्य गेलं, उर्दू कागद जाऊन मराठी आले, तेव्हा नव्या तलाठ्यानं सासऱ्यांना आडनाव विचारलं. सासरे म्हणाले, हग्गद मनी. तलाठी लातूरकडचा. त्याला अर्धंच कळलं, अर्धंच लिहिलं. हग्गे.

"सगळ्या मुलखात हे आडनाव दुसऱ्या कुणाचं न्हाई," सासूबाई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या.

"दुसरं कोण घेणार?" मी म्हणले.

सासूबाईंना मराठी कमी कळायची, ते बरं झालं. पण उंबऱ्यावर सात वर्षांचा माझा दीर, शिवमूर्ती, बसला होता. त्याला दोन्ही बोली यायच्या. तो फिसकन हसला. त्या दिवसापासून तो माझा झाला. मला अत्तिगे म्हणायचा, म्हणजे वैनी. मी त्याला न्हाऊ घातलं, चौथीपर्यंत शाळेत रेटलं, सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या कुशीत झोपवलं. माझी पोरं नंतर झाली. पहिला तो.

*

बहात्तरचा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. आधीचं वर्षही कोरडं गेलं होतं, म्हणून त्र्याहत्तरचा उन्हाळा आला तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. खडी फोडायच्या कामावर सगळं गाव. विहिरीत पन्नास हात दोरही जेमतेम टेकायचा. एक कळशी भरायला पाऊण तास.

गावाबाहेर बौद्ध वस्ती होती. छप्पनच्या दीक्षेपासून ती माणसं ताठ झाली होती, गावाच्या विहिरीवर येऊन हात जोडून उभी राहायला तयार नव्हती. त्यांनी स्वतःची विहीर खोदायला घेतली होती. वस्तीचा लिंबाजी त्यात पुढं. पाणी लागलं, पण खोल लागलं. एक दिवस शिवमूर्ती खुंटीचा दोर उचलून त्यांच्या वस्तीत देऊन आला.

आठ दिवस दोर आला न्हाई. नव्या विहिरीतला गाळ उपसणं चालू होतं. त्या आठ दिवसांत मी, हग्ग्यांच्या घरची सून, शेजारच्या भामाबाईकडं दोर मागायला गेले. तिनं दोन तुकडे बांधून लांब केला होता. तिनं मला ओट्यावर बसवून ठेवलं, आपलं न्हाणं उरकलं, वेणी घातली, आणि मग म्हणाली, "सगुणे, आज दोराच्या घरचे दोर मागून राहिले बाई. दुष्काळ म्हणजे खरा दुष्काळ."

ते मला लागलं. वस्तीला दिला म्हणूनही लागलं होतं. मी तेव्हा म्हणायचे की तसं काही न्हाई, फक्त घरची अडचण झाली. आज खोटं कशाला बोलू? तेही होतं.

संध्याकाळी शिवमूर्ती खडीवरून आला. हाताला फोड. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं न्हाई.

"दोर कुठं हाय?"

"लिंबाजीकडं. परवा देतो म्हणलाय."

"घरच्याला तहान आणि गावाला दान. कुणाला विचारून दिलास?"

"अत्तिगे, तो विचारून द्यायचा असतो का?"

खरंच होतं ते. पण खरं बोलणाऱ्याचा राग जास्त येतो. मी म्हणले, "बरं केलंस. दोर दिलास. आता त्या दोराचं नाव तेवढं उरलंय, तेही नेऊन दे कुणाला तरी. तसंही ते घेऊन फिरायची मला लाज वाटते. आणि तू पण जा त्याच्यासंगं. एक खाणारं तोंड कमी होईल."

 माझे मालक ओट्यावर बसून ऐकत होते.  शिवमूर्ती म्हणाला, "नाव देता येत न्हाई, अत्तिगे."

एवढंच बोलला. सकाळी त्याची घोंगडी जागेवर नव्हती.

आणि त्याच सकाळी, ऊन तापायच्या आत, लिंबाजी दोर घेऊन आला. खुंटीला लावून गुमान निघाला होता, पण मी दारात होते म्हणून थांबला. म्हणाला, "बाई, तुमचा दोर आखूड पडून राहिला होता. आमच्या माणसांनी आठ हात वळून जोडलाय. आता अठ्ठावन्न हात हाय. शिवमूर्ती कुठं?"

मी दोराकडं बघितलं. जुना भाग काळपट, नवा पिवळा. सांधा कुठं आहे ते बोटाला लागत नव्हतं.

*

मालकांनी उदगीरच्या ठेसनावर चौकशी केली. एक हमाल म्हणाला, एक पोरगा निजामाबादकडच्या गाडीत बसला. तिकडं ऊस होता, साखर कारखाना होता, मराठवाड्यातली निम्मी माणसं तिकडंच गेली होती. मालक एकदा जाऊन आले. हजारो माणसांच्या झोपड्या. कुणाला शोधणार?

त्या वर्षाच्या शेवटी आम्हीही गाव सोडलं. लातूरला आलो. गोलाईजवळ, भर बाजारात, मालकांनी छोटं दुकान घातलं. दुसरं काय येत होतं? दोर, सुतळी, कासरे, दावी. पहिली कमाई झाली तशी त्यांनी पाटी रंगवून घेतली. "संगप्पा हग्गे, दोरवाले". अक्षरं हातभर उंच.

मी म्हणले, "एवढी मोठी कशाला? लाज पण बेतानं काढावी."

"शिवाला वाचता येतं," ते म्हणाले. "तो गावी येईल. गावचे सांगतील लातूरला गेले. मग लातुरात येऊन कुणालाही विचारू दे, हग्गे कुठं राहतात. दहा देशमुख असतील, पन्नास पाटील असतील. हग्गे एकच."

त्यांचा सगळा जीव त्या एका शब्दावर टांगलेला होता.

आणि मला तोच शब्द नको होता. गावात निदान निम्म्या माणसांना कानडी यायची. लातुरात कुणाला येते? माझा देविदास शाळेतून शर्टाच्या बाह्या फाडून घ्यायचा. मास्तर हजेरी घेताना आमच्या नावाशी आला की आधी खोकायचा. पंचफुला, माझी लेक, मॅट्रिकच्या वर्षी म्हणाली, "आई, मी नाव सांगताना नुसतं पंचफुला सांगते. पुढचं विचारलं की बहिरी होते."

मग ब्याऐंशी साल आलं. लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादपासून तुटून आपला आपला. गोलाईत गुलाल, पेढे, बँडबाजा. नवी कचेरी, नवे साहेब, नवे शिक्के, नव्या पाट्या. ज्याला त्याला काही ना काही नवं करायची हौस सुटली. मी मालकांना म्हणले, "जिल्ह्यानं नाव बदललं. आपण का नको?"

"नको."

"पोरीला स्थळं येऊन राहिलीत. आडनाव ऐकून परत जातात."

"शिवा आला तर?"

"दहा वर्षं झाली. यायचा असता तर आला असता."

 दोन महिने मी त्यांना जेवताना सोडलं न्हाई, झोपताना सोडलं न्हाई. शेवटी त्यांनी कागदावर सही केली. वकिलानं विचारलं, नवं काय लावायचं? मी म्हणले, उदगीरकर. भारदस्त. किल्ल्याच्या गावचं. राजपत्रात छापून आलं तेव्हा मी तो कागद देवाजवळ ठेवला होता. दुकानाची पाटी मी स्वतः उभी राहून पुसून घेतली. रंगारी म्हणाला, "बाई, जुना रंग लई घट्ट बसलाय." मी म्हणले, "दोन हात दे. तीन दे."

लातुरात तेव्हा किती उदगीरकर होते देव जाणे. शिंपी उदगीरकर, कंपाउंडर उदगीरकर, दोन मास्तर उदगीरकर. मला त्या गर्दीत शिरून केवढं सुख झालं. कुणी खोकत नव्हतं.

मालकांनी एक करायला सुरुवात केली. रोज सकाळी दुकान उघडलं की फळीच्या खालच्या कोपऱ्यात खडूनं लिहायचे, हग्गे. दुपारपर्यंत गिऱ्हाइकांच्या पायांनी, धुळीनं ते जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी बघायची. बोलायची न्हाई. एवढी तरी माया होती माझ्यात, असं तेव्हा वाटायचं.

*

त्र्याऐंशीची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. पंचफुलाला बघायला नांदेडहून माणसं आली होती. मुलगा सरकारी नोकरीत. मुलाचे वडील व्यंकटराव, फेट्यातले, बोलायला गोड आणि नजरेला तिखट. दुकान बंद ठेवलं होतं. मालक मिठाई आणायला गेले होते. मी पुढच्या खोलीत पाहुण्यांना आमचं घराणं सांगत होते.

"मूळचे उदगीरच्या किल्ल्यातले आम्ही. पणजोबांकडं दरवाजाच्या किल्ल्या होत्या."

व्यंकटराव म्हणाले, "वा! म्हणजे किल्लेदारच म्हणा की."

"तसं म्हणत न्हाई आम्ही, पण लोक म्हणायचे."

आणि दारात सायकलची घंटी वाजली. पोस्टमन. नवा होता, जिल्हा झाल्यावर बदलून आलेला. हातात एक कार्ड. मोठ्या आवाजात वाचलं त्यानं, "संगप्पा हग्गे! गोलाईत शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, हेच घर. तुम्हीच का हो हग्गे?"

खोलीत कुणीतरी हसलं. व्यंकटरावांची बायको असावी. पदर तोंडाला लावला तिनं.

मला त्या कार्डाचा वरचा कोपरा दिसला. हग्गे. ग ला ग जोडायची एक तऱ्हा होती आमच्या घरात, वरचा मोठा आणि खालचा त्याच्या पोटात. मीच शिकवली होती ती. शाळेत मास्तर एकच ग लिहायचा, म्हणून पाटीवर गिरवून घेतलं होतं मी. एका पोराकडून.

मी बघितलं, आणि मी म्हणले, "न्हाई बाबा. इथं हग्गे-बिग्गे कुणी राहत न्हाई. दारावरची पाटी वाच की. उदगीरकर."

"पण तो दुकानदार..."

"त्याला दुसरं काम न्हाई. लोकांची चेष्टा करतो. जा."

पाहुण्यांच्या हातात चहा होता. माझ्या मनात एवढंच, की उद्या सकाळी पोस्टात जाऊन कार्ड घेऊन येऊ. कार्ड कुठं जातंय? एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

लग्न त्याच बैठकीत ठरलं. मालक मिठाई घेऊन आले ते हसतच. तेवढे हसताना मी त्यांना दहा वर्षांत बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले. तोच पोस्टमन. कार्ड विचारलं तर म्हणाला, "ते परत गेलं, बाई. कालच शेरा मारून थैलीत टाकलं."

"कुठं परत?"

"जिथून आलं तिथं. शिक्का तेलुगूत होता. मला वाचता येतं का? पण काल तर तुम्ही म्हणल्या तुमचं न्हाई."

मी म्हणले, "न्हाईच. सहज विचारलं." आणि घरी आले.

त्या संध्याकाळी मालकांना सांगायला पाहिजे होतं. तेलुगू शिक्का, म्हणजे निजामाबादकडचा मुलूख. माणूस जिता आहे. त्याला लातूर ठाऊक झालंय. एवढ्यावर ते अनवाणी गेले असते. पण मग कार्ड कुठं आहे, असं त्यांनी विचारलं असतं. म्हणले, साखरपुडा होऊ दे. मग म्हणले, लग्न होऊ दे. मग पंचफुलाचं पहिलं बाळंतपण. काही गोष्टी ताज्या असतानाच सांगता येतात. शिळ्या झाल्या की तोंड उघडताना त्या गोष्टीपेक्षा आपल्या गप्प बसण्याचा वास आधी येतो.

मालक अठ्ठ्याण्णव साली गेले. पंधरा वर्षं माझ्या पोटात ते कार्ड होतं आणि समोर हा माणूस रोज खडू घेऊन दुकानाला जायचा. शेवटच्या आजारात हात कापायचे त्यांचे. देविदासला म्हणायचे, "खालच्या कोपऱ्यात लिहिलंस का?" तो म्हणायचा, "लिहिलं, बाबा." तो लिहीत नव्हता. त्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं खूळ. खूळ न्हाई, हे सांगू शकणारी एकटी मी होते, आणि मी त्यांच्या तोंडात पाणी घालत होते.

*

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात लातुरात पाणी आगगाडीनं आलं. टाक्यांसमोर घागरी-कॅनांच्या रांगा, पोलिसांचा पहारा. मला एकाहत्तरावं लागलं होतं. देविदासची पोरगी शरण्या, सासूबाईंच्या नावावरून ठेवलेली, तिला जातीचा दाखला तपासून घ्यायचा होता. त्याला आजोबांचा जुना कागद लागतो. ती कल्लहळ्ळीच्या शाळेतून उतारा घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "आजी! हे काय? आपण हग्गे होतो?"

आणि हसायला लागली. अगदी माझ्या बहिणीसारखी.

"हग्ग म्हणजे दोर," मी म्हणले. "कानडीत." तेहतीस वर्षांनी ते वाक्य तोंडात आलं. जीभ अडखळली.

मग मी तिला खुंटी सांगितली, पन्नास हात सांगितले, लिंबाजीचे आठ हात सांगितले. पोरगी हसायची थांबली. "एवढं भारी आडनाव, आणि बदललं कुणी?"

"काळानं," मी म्हणले. तेव्हाही खोटंच.

ती मोबाइल घेऊन बसली. या पोरांना काही कळलं की ते तिथं खरं करून घ्यायचं असतं. थोड्या वेळानं म्हणाली, "आजी, सगळ्या जगात एकच सापडलं. हग्गे रोप स्टोअर्स, बोधन. निजामाबादच्या पलीकडं. रोप म्हणजे दोरच. लावू फोन?"

मी नको म्हणायच्या आत तिनं लावला होता आणि फोन माझ्या कानाशी धरला होता.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. "हल्लो, मैं संगप्पा हग्गे बोलरा. कौन?"

माझ्या मालकांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. मी भिंत धरली.

शरण्यानं फोन घेतला. अर्धं हिंदी, अर्धं मराठी असं बोलणं झालं आणि मग तिनं आवाज मोठा करून ठेवला. तो शिवमूर्तीचा मुलगा. चौऱ्याऐंशीत जन्मलेला. मराठी त्याला येत होती, तेलुगूच्या चालीवर.

"नाना गेले, सात साल झालं," तो म्हणाला. नाना म्हणजे बाप. "नानांनी एक कार्ड लिहिलं होतं लातूरला. ते वापस आलं. लिहिलेलं होतं, या नावाचे कोणी राहत न्हाई. नाना बोलले, आपल्या नावाचं दुसरं कोण न्हाईच, मग असते तर सापडले असते. कोणी वाचलं न्हाई. तीन दिवस जेवले न्हाई. मग तुमचं सगळ्यांचं केलं नदीवर. नंतर मी झालो, तर मोठ्या भावाचं नाव ठेवलं मला." आणि म्हणाला, "तुम्ही कोण बोलून राहिलाय?"

शरण्या माझ्याकडं बघत होती.

"मी अत्तिगे," मी म्हणले.

 तो म्हणाला, "नाना लई बोलायचे तुमचं. दुकानाच्या बाहेर खुंटी हाय, त्याच्यावर एक दोर हाय. तो विकायचा न्हाई, कुणी नेला तर बघायचं पण न्हाई. अत्तिगेचा हाय म्हणायचे."

माझा. मी ज्याची लाज वाटते म्हणले, तो त्यानं माझ्या नावानं टांगला होता.

त्या पोराला मी काय सांगणार होते? मी म्हणले, "ते कार्ड हाय का रे अजून?"

"हाय. फोटोच्या मागं. पाठवू?"

*

पाचव्या दिवशी दुपारी कुरिअरवाला आला. आमच्या गल्लीत आता सगळी दुमजली घरं, प्रत्येकाच्या दाराला जाळी. त्यानं पाकीट उलटं-सुलटं केलं, पत्ता वाचला आणि त्याला हसू आवरेना. "सगुणाबाई... हग्गे? इथं कुणी राहतं का?"

मी ओट्यावरून उठले. गुडघे धरून तीन पायऱ्या उतरले.

"मीच," मी मोठ्यानं म्हणले. गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "सगुणाबाई संगप्पा हग्गे. हग्ग म्हणजे दोर. कानडीत."

एकही जाळी उघडली न्हाई. एकाही खिडकीत कुणी आलं न्हाई. समोरचा पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता. ज्यांनी ऐकू नये म्हणून मी एवढं केलं होतं, त्यातलं आता कुणी उरलं नव्हतं, आणि जे होते त्यांना काही पडलेलं नव्हतं. कुरिअरवाल्यानं सही घेतली. सही करताना ग ला ग जोडला. वरचा मोठा, खालचा त्याच्या पोटात. हात विसरला नव्हता.

कार्ड पिवळं पडलंय. कोपरा कशानं तरी कुरतडलाय. पत्त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं आडवी रेघ आणि त्यावर, या नावाचे कोणी राहत नाही, परत. पोस्टमनचं अक्षर. शब्द माझे. मागच्या बाजूला शिवमूर्तीचं अक्षर, चौथीतलं, एकेक अक्षर सुटं.

"संगप्पाअण्णाला शिवमूर्तीचा नमस्कार. मी बोधनला कारखान्यात आहे. बरा आहे. गावचा हणमंतराव इथं भेटला, तुम्ही लातुरात आहात म्हणाला. गल्ली ठाऊक नाही. पण आपलं नाव लिहिलं की पोचेल. अत्तिगेचा राग गेला का, ते कळवा. गेला असला तर येतो."